ऐंशी जणांची शंभरी

मी, भागीरथा नागनाथ मुनेश्वर, वय एकाहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार बाजारहत्नूर, जिल्हा आदिलाबाद, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांच्याशी कर्तव्य नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायला सवड नव्हती.

१. राहतं घर, भांड्यांसकट, माझा भाचा सुरज याला द्यावं. चार वर्षांचा असल्यापासून मी त्याला वाढवलं. त्याच्यावर माझा राग आहे, पण त्याला बेघर करण्याइतका नाही.

२. माझे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात खाली मान घालून राबले. आमच्या वस्तीतल्या मुलामुलींनी मान वर करून चालावं म्हणून मी बत्तीस वर्षांपूर्वी कवायत पथक काढलं. रचना रोमन सैन्याची घेतली. तिथं आठ शिपाई एका तंबूत राहत, एका चुलीवर जेवत. अशा दहा चुलींची एक तुकडी आणि साधारण साठ तुकड्यांची एक पलटण. तुकडीचं नाव शंभरावरून पडलेलं, माणसं मात्र ऐंशीच. मी आमच्या ऐंशी जणांच्या तुकडीला ‘शंभरी’ म्हटलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी लाल शाईत शेरा मारला, ‘शिक्षिकेचे गणित कच्चे.’ तो कागद मी जपून ठेवला आहे. तो सुनयनाला द्यावा. ती माझी विद्यार्थिनी, आता गणित शिकवते. तिनं खुशाल हसावं.

३. सुरज पथकाचा नायक आहे. गेल्या निवडणुकीत एका उमेदवारानं पथकाला नवे बूट दिले आणि सुरजनं शंभरी गणवेशासह त्याच्या व्यासपीठाभोवती उभी केली. आमच्याच गल्लीतले अमृतराव हातपंपाबद्दल विचारायला पुढं गेले. ज्या पोरांना मी ‘सावधान’ शिकवलं, त्यांनी त्या म्हाताऱ्याला दंडाला धरून पायऱ्यांखाली ढकललं. मला लाज वाटली आणि अजून वाटते.

मी जाब विचारला तेव्हा सुरज म्हणाला, “आत्या, पलटण ज्याच्या मागं, राज्य त्याचं. तुमीच शिकवलं ना? मंग आता काऊन रागावून राह्यल्या?”

मी शिकवलं होतं, हे खरं. रोमच्या पलटणी देशाऐवजी सेनापतीच्या झाल्या आणि सेनापती त्यांच्या जोरावर गादीवर बसू लागले, हा तिसरा धडा. चौथ्या धड्याच्या आठवड्यात हा गडी इंद्रवेल्लीला मावशीकडं लग्नाला गेला होता. परत आल्यावर मी त्याला तो धडा पुन्हा शिकवला नाही. चूक माझी, आणि ती मी इथं दुरुस्त करते.

४. चौथा धडा असा: राजवाड्याच्या पहारेकऱ्यांनी एकदा गादीचा लिलाव केला. घेणारा सहासष्ट दिवसांत मारला गेला. मग सीमेवरच्या पलटणी घेऊन दुसरा सेनापती आला. त्यानं त्या पहारेकऱ्यांना मैदानात बोलावलं, शस्त्रं काढून घेतली, कमरेचे पट्टे उतरवले आणि शहराबाहेर हाकललं. विकल्या गेलेल्या शिपायावर नवा मालकही भरवसा ठेवत नाही. धड्याची वही सुरजला द्यावी.

५. कवायतीचं मैदान, वीस गुंठे, माझ्या नावच्या पट्ट्याचं. सुरजला तिथं त्या पुढाऱ्याचं कार्यालय उघडायचं आहे. ते होणार नाही. मैदान प्रगतीच्या नावे करावं. ती आठव्या चुलीची प्रमुख. त्या दिवशी व्यासपीठाजवळ उभं राहायला तिनं एकटीनं नकार दिला. तिनं ते पथकासाठी सांभाळावं. कुठल्याही पक्षाचा झेंडा, कुठल्याही रंगाचा, तिथं रोवू नये. नायक दरवर्षी ऐंशी जणांनी हात वर करून निवडावा. सुरजलाही उभं राहता येईल, पण आधी अमृतरावांची माफी मागून आणि वर्षभर मागच्या रांगेत चालून.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मला ते मान्य नाही. येत्या रविवारी कवायतीआधी, मैदानावर, सगळ्या शंभरीसमोर, सुरजला पहिल्या रांगेत उभं करून, हे मी स्वतः वाचणार आहे. ज्याला हरकत घ्यायची त्यानं तेव्हाच घ्यावी. मेलेल्या बाईला उत्तर देता येत नाही. मला येतं.

सही: भागीरथा नागनाथ मुनेश्वर

आमच्यासमोर लिहिलं, आमच्यासमोर सही केली, आणि चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही:
साक्षीदार १: चंदा लखन येरेकर
साक्षीदार २: हर्षदीप सुधाकरराव गिमेकर

ठिकाण: बाजारहत्नूर
दिनांक: ९ जानेवारी २०२६, शुक्रवार