निसरड्या मुळाचं नाव

अहो,

या जंगलात जाऊ नकोस, जळवा चावतात, असं तुम्ही दहादा बजावलंत. चावल्या. पण तुम्हाला घोर जळवांचा नव्हता, असं आता वाटतंय.

हे रान आमच्या वाटाड्याच्या लोकांचं. त्यांच्या माणसाशिवाय इथे कुणालाच आत सोडत नाहीत. आज पहिल्याच ओल्या मुळाशी तो मला चक्क मराठीत ओरडला, "हळू गं!" मी चमकलेच. मग सहलीला आलेल्या आमच्या ऑफिसच्या मिशाळ मॅनेजरसाहेबांनाही तो तेच म्हणाला. सगळे खो खो हसले.

"हे कुठे शिकलास?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी तुमच्याकडचे एक साहेब आले होते. शिंकले की पाखरं उडायची! असं मूळ दिसलं की हेच म्हणायचे. तुमच्या भाषेत निसरड्या मुळाला 'हळूगं' म्हणतात ना?"

ती शिंक तुमचीच; गेल्या वर्षी तुम्ही इथे आला होतात. एकटेच, म्हणे. मग 'गं' कुणाला? मुळाला?

मी अडखळले की तुम्ही म्हणता, "डोळे फुटलेत का?"

हे पत्र टाकत नाही. परवा घरी आले की उंबरठ्यावर मुद्दाम अडखळेन. तुमच्या तोंडून काय निघतं, ते ऐकायचंय.

अजून तरी तुमचीच,
मी