देवळाची घंटा दोनदा

कावासाकी,
१० मार्च १९९१

दादा,

“तुला तिथं खर्च तो काय,” हे तू पुन्हा लिहिलंस. मागच्या वर्षीही लिहिलं होतंस, तेव्हा मी गप्प बसलो. जेवण कारखान्याचं, खोली कारखान्याची, अंगावरचे कपडेही कारखान्याचे, मग मोरिओ पैशाचं करतो काय? करतो काहीतरी. सांगेन.

नमस्कार करायचा राहिला, तो घे. पत्रात आधी ऋतूबद्दल दोन ओळी लिहायच्या असतात, एवढं शाळेतलं आठवतंय. पण आमच्या आवारात झाड नाही, त्यामुळे काय फुललंय ते मला ठाऊक नाही. आईची दाढ अजून ठणकते का? फोनवर ती काही सांगत नाही, नुसती माझ्या जेवणाची चौकशी करते.

विद्यापीठाची परीक्षा यंदाही हुकली, हे तिच्याकडूनच कळलं. वाईट वाटलं. खरंच वाटलं, त्या संध्याकाळी भात पुढ्यात तसाच राहिला. आता तुला सेंदाईला राहून शिकवणी लावायचीय, म्हणून मी घरी पाठवतो त्या महिन्याच्या तीस हजारांचे पन्नास करावेत, असं तू लिहितोस, आणि बाबांचंही हेच म्हणणं आहे. असेल. बाबांची नजर गेल्यापासून माझी पत्रं तूच त्यांना वाचून दाखवतोस आणि त्यांचं उत्तरही तूच लिहितोस. मी त्यांना काय म्हणतो आणि ते मला काय म्हणतात, दोन्ही तुझ्याच तोंडून.

इकडची बातमी म्हणजे माझ्या खोलीतल्या कुनियासुदांनी टीव्हीला जोडायचं ते जुनं गेमचं यंत्र विकत घेतलं, मामाने आपल्याला दिलं होतं तसलंच. हे ओकिनावाचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, बायको तिकडे. यंत्राबरोबर कॅसेट कुठली आली असेल? ‘धुक्याचं बेट’.

नववीतला आपला हिवाळा आठवला. बोटवाल्या म्हाताऱ्याचा खून, आणि गुप्तहेर होऊन आपण बेटभर हिंडायचो. यंत्राला द्यायचे हुकूम चारच: जा, बघ, विचार, उचल. मी दिवसभर डोकं आपटायचो आणि पहिल्या गावातच अडकून बसायचो. तू संध्याकाळी बंदरावरून यायचास, कोट काढायचास, आणि धडाधड चार कोडी सोडवून मोकळा. मग मध्येच हात झटकून म्हणायचास, “आता पुरे, डोकं दमलं.” बाबा शेगडीच्या मेजाखाली पाय घालून बघत बसलेले असायचे. “दमणारच,” म्हणायचे, “डोकं आहे म्हणून दमतं.”

मी कुनियासुदांना म्हटलं, “याचं उत्तरांचं पुस्तक मिळतं बाजारात. आणू का?”

“आण की. मी तुझा भातही चावून आणतो, तू नुसता गीळ.”

मग आम्ही तसेच बसलो, सुट्टीच्या दिवशी, पुस्तकाशिवाय. पहिल्यांदा खानावळीतली छत्री उचलायची राहिली. ते कळलं तेव्हा आम्ही दीपगृहापर्यंत पोचलो होतो आणि मागे जायची होडी बंद. पुन्हा पहिल्यापासून. कुनियासुदा म्हणायचे, “त्या खानावळवालीला परत परत विचार. बायका एका विचारण्यात खरं सांगत नाहीत. आमची तर लग्नाला अठरा वर्षं झाली तरी सांगत नाही.” हसलास तर हस, पण सारखं सारखं विचारल्यावरच ती सांगते. दादा, ते मला आपलं आपण सापडलं. माझ्या डोक्याने काही सोडवलं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

मग ती विहीर आली. मी सरळ गेलो, आत बघितलं, किल्ली मिळाली. पण मी तिथंच थांबलो. कुनियासुदा म्हणाले, “आता काय झालं? भूत दिसलं?”

तू तसं केलं नव्हतंस. तू आधी देवळात गेला होतास. घंटा वाजवलीस, दोनदा, बरोबर दोनदा, आणि मग विहिरीपाशी आलास. मी विचारलं, घंटा कशाला? तू म्हणालास, “अरे ठोंब्या, खुनी आसपास असला तर आवाज ऐकून पळेल ना. मग विहीर मोकळी.” बाबांनी मांडीवर थाप मारली. “याला म्हणतात डोकं.”

आणि घंटेचा तर विहिरीशी काही संबंधच नाही.

कुनियासुदा म्हणाले, “पोरगं होतं, वाजवली असेल सहज.” मीही तेच धरून बसलो होतो. पण पुढच्या सुट्टीला स्टेशनामागच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला ते उत्तरांचं पुस्तक दिसलं. उभ्यानंच उघडलं. विहिरीचं पान. चौकटीत, जाड अक्षरात: आधी देवळाची घंटा दोनदा वाजवा, मग विहिरीत पाहा. छापणाऱ्याचीच चूक ती. तुझ्या डोक्यात तीच चूक आपोआप कशी उगवेल?

तेवढ्यात दुकानदार चिंध्यांचा झटकणा घेऊन आला आणि माझ्या कानाशीच फडफड धूळ झटकायला लागला, म्हणजे विकत घे नाहीतर नीघ. मी पुस्तक ठेवलं, आणि तिथंच मला हसू आलं, वाईट हसू. बंदरावरच्या पुस्तकवालीकडेही असाच झटकणा होता. ती तुला हाकलेल तिथवर तुझं वाचून व्हायचं, आणि तिथं आलं की तुझं डोकं दमायचं.

उभ्याने वाचलंस याचं मला काही नाही. फुकट सगळेच वाचतात. पण एकदा मला बरोबर न्यायचं होतंस. दोघांनी वाचलं असतं.

तू एप्रिलचा, मी पुढल्या मार्चचा, म्हणून दोघं एकाच वर्गात. म्हणून नववीला सक्तीची शाळाही एकदमच संपली. हायस्कूल लांब, तिथं राहायचा खर्च एकाचाच झेपणार होता. गुणपत्रिका शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची ते आईलासुद्धा सांगता आलं नसतं. बाबा म्हणाले, “कात्सुनोरीला डोकं आहे. मोरिओचे हात चांगले आहेत.” तू खाली बघत संत्रं सोलत होतास.

मी कुरकूर केली नाही, कारण मला ते पटलं होतं. चार वर्षं पटलेलंच होतं. इथं नवीन मशीन आलं, साहेब समजावून सांगायला लागले की मी मागे सरकायचो. डोकं असलेल्यांचं काम, म्हणायचो. कुणी ढकललं नाही, दादा, मीच मागे उभा राहायचो.

आता राहिलेलं सांगतो. मी इथल्या रात्रीच्या हायस्कूलची परीक्षा दिली आणि त्यांनी मला घेतलंय. एप्रिलपासून जायचं. पाचला सुटावं लागेल म्हणून जादा काम बंद, पगार कमी होईल. तेव्हा पन्नास हजार येणार नाहीत, आणि यापुढे तीसही नाहीत. सेंदाईला जायचं तर जरूर जा. म्हाकूळ मासळी सुकवायला बंदरावर माणसं लागतातच, उन्हाळाभर काम केलंस तर वर्ष निघेल. तुझेही हात काही वाईट नाहीत.

हे पत्र बाबांना वाचून दाखव, घंटेसकट. गाळलंस तर ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला येईन तेव्हा मी तोंडी सांगेन, आणि ते तुला जास्त जड जाईल.

तुझ्याहून अकरा महिन्यांनी धाकटा,
मोरिओ

ता. क. सोबतचं छोटं पाकीट आईच्या हातात दे. तिच्या दाढेसाठी आठ हजार येन आहेत.