पुराची बेगमी

नेवासा, ३ जून १९४६
ती. मेरीमावशीस सत्यवानाचा सप्रेम सलाम, वि. वि.

आमोस मास्तरांनी तो प्रश्न विचारला आणि त्या घडीला माझं सगळं उलटंपालटं झालं. त्यांच्या लेकीसाठी, दयासाठी, मी कॉलेज अर्धं टाकून आलो, हे तुला ठाऊकच. रविवारी उपासना आटोपून देवळातून बाहेर पडताना मागणी घातली. मास्तरांनी शांतपणे विचारलं की प्रवरा चढली नि नगरचा रस्ता तुटला, तर माझ्या घरात काय निघेल. मी तावातावानं म्हणालो, हिंमत निघेल! ते म्हणाले की हिंमत दळून भाकरी होत नाही. सगळी मंडळी हसली. दयासुद्धा! आता त्यांच्या दारात जाऊन भांडू का, ते लिही. माया आटू देऊ नकोस.
तुझा, सत्यवान

राजूर, ११ जून १९४६
चि. सत्यवानास मेरीमावशीचे अनेक आशीर्वाद.

भांडायचंच असेल तर जात्याशी भांड. अरे वेड्या, इथं डोंगरात ओढे भरले की बाजार बंद, म्हणून घरोघर बेगमी असते. तुझी आई स्वयंपाकाआधी देवळासाठी बाजरीची एक मूठ काढतेच. तिला म्हणावं, दुसरी मूठ नदीच्या नावानं काढ. गूळ, फुटाणे, मीठ, मेणकापडात काड्यापेटी, बाटलीभर रॉकेल, दोरखंड एका मोठ्या डब्यात ठेव. पैसे सुटेच ठेव. पुरात नोटेची मोड कोणी देत नाही. डबा उंच टांग, पण आईचा हात पोचेल इतकाच. मास्तरांना पोरीची काळजी दिसते, तुला नुसती पोरगी दिसते, एवढंच तुमचं भांडण. जेवत जा. म्हातारीला विसरू नये, ही विनंती.
मेरीमावशी

नेवासा, २ ऑगस्ट १९४६
ती. मेरीमावशीस सप्रेम सलाम, वि. वि.

प्रवरा परवा चढली. मास्तर नि दया ओढ्याकाठी दोघंच राहतात. पाणी उंबऱ्याला लागलं तसा मी दोरखंड घेऊन धावलो नि दोघांना आमच्या उंचावरच्या घरी आणलं. तेव्हापासून नदीच्या मुठीच्या भाकरी चालल्यात. दुकानदारानं नोटवाल्यांना परत पाठवलं. मला सुट्या पैशांत रॉकेल मिळालं. आज मास्तरांनी डबा स्वतः उतरवून तपासला. सगळं जागच्या जागी, पण तळाशी वासाच्या साबणाची वडी निघाली! ही कोणत्या संकटासाठी, असं त्यांनी विचारलं. दया पदराआडून म्हणाली की ते संकट बहुतेक ती स्वतःच. मास्तरांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी होकार दिला, मावशी!

पण लगेच त्यांना रीत आठवली. लग्न ठरलेल्या पोरापोरीनं लग्नाआधी एका छपराखाली राहायचं नाही. त्यांचं घर तर पाण्यात. मग जायचं कोणी? मीच! शेजारच्या मच्छिंद्रकाकांच्या गोठ्यात जागा मिळालीय. मी भडकणार, तोच दयानं घोंगडी हातात ठेवली नि बजावलं की तिथल्या म्हशीशी भांडायचं नाही. टपाल सुरू झालं की हे पत्र निघेल. लोभ पुरासारखा नको, बारमाही विहिरीसारखा असू दे.
तुझा, सत्यवान

ता. क. मास्तर दोनदा खाकरले. घोंगडी डोक्यावर घेतली. निघतो, आत पाऊस येऊ नये म्हणून माझ्याच घराचं दार बाहेरून ओढून घेतो.