समोरून लावलेली बटणं

तीर्थरूप आत्याच्या पायांना (डाव्या गुडघ्याला धक्का न लावता) नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम नेमाने करतेस असं लिहिलंयस, ते वाचून मला आनंद झाला असता. पण शिलाई मशीन चालवणं हाच पायाचा व्यायाम आहे, असं तू डॉक्टरांनाच पटवून आलीस, हे बाबांनी मला फोनवर सांगितलंय. मशीनचा व्यायाम वेगळा आणि गुडघ्याचा वेगळा. रागावू नकोस, पण आता मला यातलं थोडं कळतं.

तू विचारलंयस, "इतकं शिकून शाळेत नक्की करतेस काय? पोरांना झोके देतेस, असं तुझा बाप सांगतो." आत्या, बाबांचं म्हणणं खोटं नाही, अपुरं आहे. चौथीपर्यंत तूच माझी शाळा होतीस. मशीनशेजारच्या स्टुलावर बसवून पाढे आणि टाके तू मला एकदमच शिकवलेस, आणि अर्धवट उत्तराला कधी गुण दिले नाहीस. म्हणून सविस्तर लिहिते. चष्मा लाव.

माझ्या खोलीच्या दारावर 'ऑक्युपेशनल थेरपी' अशी पाटी आहे. ती वाचून पहिल्याच आठवड्यात शिपाईकाका आपल्या मेव्हण्याला नोकरी मागायला घेऊन आले. मी समजावलं की ज्या मुलांना लिहिणं, जेवणं, कपडे घालणं, एका जागी बसणं जड जातं, त्यांना ही रोजची कामं जमावीत म्हणून मी इथे आहे. मेव्हणे शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे नोकरी नाहीच?" आणि निघून गेले. झोका मात्र खरंच आहे. झोळीसारखा, कापडी, छताच्या हुकाला टांगलेला. चुळबुळ्या मुलांना त्यात बसलं की स्वस्थ वाटतं. तो हुक वजन पेलेल की नाही या धास्तीने मी हेडसरांच्या इतकी मागे लागले, की शेवटी ते वैतागून म्हणाले, "थांबा, मीच बसून दाखवतो." बसले. हुक टिकला. सर मात्र दोन झोक्यांत गाढ झोपले. त्यांना उठवावं की नाही मला कळेना (नोकरीच्या नियमांत याबद्दल काही नाही), म्हणून मी दाराबाहेर स्टूल टाकून बसले आणि येईल त्याला "आत तपासणी चालू आहे" असं सांगत राहिले. ते खरंच होतं. तेव्हापासून सर अधूनमधून हुक तपासून जातात.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे एक मुलगी आहे. तिला सगळी शाळा 'मुकादम' म्हणते, कारण ती सगळ्यांकडून कामं करून घेते. तिच्या बोटांत जोर कमी आहे आणि डाव्या-उजव्या हाताचं एकमेकांशी पटत नाही. ती सगळी कसर जिभेने भरून काढते. आजवर ती आमच्या छोट्या, वेगळ्या वर्गात बसायची. तिला तिसरीच्या मोठ्या वर्गात जायचं होतं. गणित तिला येतं, वाचन तर माझ्यापेक्षा खणखणीत. अडलं होतं ते कोटाच्या बटणांपाशी. तिसरीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "पोरगी हुशार आहे, मला हवी आहे. पण खेळाच्या तासाला चाळीस पोरं बाहेर काढायची असतात. स्वतःचा कोट स्वतः घालून रांगेत उभी राहिली, तर घेते. हिच्या बटणांपायी बाकीच्यांना थंडीत उभं करू का?" मला राग आला आणि पटलंही.

मग मी कंबर कसली. लाकडी चौकटीवर कापड ताणून त्याला मोठी बटणं शिवली. मग मध्यम. मग लहान. टाके तुझ्या पद्धतीचे, दुहेरी दोऱ्याचे, त्यामुळे चौकट मोडेल पण बटण निघायचं नाही. चौकट जमली, तशी मी माझा कोट घालून तिच्यासमोर उभी राहू लागले. ती माझी बटणं लावायची आणि बरोबरीने मला झापायची, "बाई, श्वास सोडा, पोट आत घ्या, बटण पळतंय." बघता बघता ती इतकी सफाईदार झाली, की मी स्वतःच हेडसरांना सांगितलं, बोलवा तिसरीच्या बाईंना, दाखवते. आत्या, मी. जी गॅस बंद केला का हे बघायला बसस्टॉपवरून परत येते, ती.

ठरल्या दिवशी सर, तिसरीच्या बाई आणि (कोणी बोलावलं नसताना) शिपाईकाका माझ्या खोलीत ओळीने उभे राहिले. मुकादम आली. तिने पाहिलं, तिसरीच्या बाईंचा कोट उघडा आहे. सरळ पुढे जाऊन तिने तो वरपासून खालपर्यंत लावून टाकला. मग सरांचा. सर म्हणाले, "अरे वा." मग शिपाईकाकांचा, ज्याला मधलं बटण नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांना बोलणी खावी लागली. मी अभिमानाने इतकी फुगले होते, की माझीच बटणं तुटायची बाकी होती. मग बाई म्हणाल्या, "छान. आता तुझा."

तिने स्वतःचा कोट घातला, खाली पाहिलं, आणि तिचे हात थांबले. बोटं बटणापाशी जात, उलटी वळत आणि परत येत. शेवटी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मला माझ्यासमोर उभं राहता येत नाही ना."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पायाखालची जमीन सरकली. आत्या, मी तिला इतके महिने समोरून शिकवत होते! चौकट समोर, मी समोर. समोरच्या माणसाचं काज एका बाजूला, आपलं दुसऱ्या. तिथे मनगट सरळ, इथे मुडपलेलं. सगळ्या शाळेची बटणं लावू शकेल अशी मुलगी मी तयार केली होती, फक्त तिची स्वतःची सोडून. आणि हे पुस्तकात पहिल्याच धड्यात आहे. मी तिथे, सगळ्यांसमोर, सांगून टाकलं की चूक मुलीची नाही, माझी आहे. मला महिनाअखेरपर्यंत वेळ द्या. बाई स्वतःच्या बंद कोटाकडे बघत म्हणाल्या, "लावलाय मात्र झकास. द्या वेळ."

मग आम्ही नव्याने बसलो. ती माझ्याकडे पाठ करून मांडीपुढे, आणि मी मागून तिच्या काखेखालून हात घालून, दोघींचे हात एकाच बाजूने. सुरुवात सगळ्यात खालच्या बटणापासून, कारण ते तिला दिसतं. रोज माझा हात थोडा मागे यायचा. हात मागे घेणं हे किती अवघड काम असतं, हे कोणी शिकवत नाही. बटण काजाच्या तोंडाशी येऊन अडलेलं असतं, माझ्या बोटांना मुंग्या येतात, आणि ती म्हणते, "बाई, तुम्ही जरा खिडकीबाहेर बघा." मी बघते. बाहेर पाण्याची टाकी आहे. ती टाकी मला आता तोंडपाठ आहे.

महिनाअखेरीस खोलीत नाही, थेट खेळाच्या तासाला, तिसरीच्या वर्गात परीक्षा झाली. पोरं रांगेत, दार उघडं, वारा आत. मुकादमने खालून सुरुवात केली, वर पोचली, आणि गळ्यापाशी एक काज उरलं. सगळी बटणं एकेक घर चुकली होती. बाई वाकून नीट करायला गेल्या. ती एक पाऊल मागे सरली. "थांबा बाई, माझं चाललंय." तिने सगळी बटणं सोडली. सगळी. आणि पुन्हा खालून सुरू केलं. रांगेतलं कोणीतरी कुरकुरलं, तर बाईंनी नुसता डोळा वटारला. घंटा होऊन गेली. शेवटचं बटण गळ्याशी बसलं तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्या पोरांना बेरीज चुकली तर पहिल्यापासून करा म्हटलं की रडू येतं. तू उद्यापासून खिडकीजवळच्या बाकावर बस." मुकादम म्हणाली, "आजपासून बसते." मी जिन्याखाली जाऊन यथेच्छ रडले. तिथे सर आधीच होते. ते म्हणाले, त्यांना सर्दी झालीय.

दुसऱ्या दिवशी तिची आई फाटकापाशी भेटली. ती धुलाईच्या दुकानात कामाला आहे, आणि तिथे उशीर चालत नाही. म्हणाली, "आज कोट तिनेच घातला. मी चपला घालून दारात उभी. उशीर झाला हो, मालक ओरडणार." आणि हे सांगताना ती अशी हसत होती, की जणू मालकाने बढतीच दिली.

तर आत्या, मी हे करते. वर्षभर जीव मुठीत धरून नोकरी केली, पण आता कोणी विचारलं तर मान वर करून सांगते. थोरांना नमस्कार, आणि बाबांना हे पत्र वाचून दाखव, झोक्याचा भाग वगळून.

तुझी,
स्टुलावरची विद्यार्थिनी

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. नोकरी लागली म्हणून तू शिवून पाठवलेला निळा ड्रेस फार सुंदर आहे, सगळे विचारतात. पण त्याची बटणं पाठीवर आहेत. ती मला लावता येत नाहीत. वर्षभर घरमालकीणबाई लावून देताहेत. सुट्टीत येताना घेऊन येते, ती पुढे आणून देशील का?

ता. क. दुसरा : पत्र पेटीत टाकायचं आठवडाभर राहिलं, तर वरचं रद्द कर. ते लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुकादमने विचारलं, "बाई, तुमची बटणं कोण लावतं?" मला खोटं बोलता येत नाही. तेव्हापासून ती रोज सकाळी माझी पाठ तपासते. खालची जमू लागलीत, वरची नाहीत. तर बटणं आहेत तिथेच राहू देत, फक्त काजं किंचित मोठी करून दे. (याला आमच्यात साधनातला बदल म्हणतात, लबाडी नव्हे. तरी कधी शाळेत आलीस, तर तिच्यासमोर हा विषय काढू नकोस.)