दिवेलागणीची हाक

मासवण, ता. १८ नोव्हेंबर १९६६

ती. अक्कास,
कृष्णकांतचा सा. न. वि. वि.

भाऊबीजेहून मी सुखरूप पोचलो. तू दिलेले सुके बोंबील पाहून प्रेमला हरखली. एस.टी.तले लोक माझ्यापासून दोन बाकं लांब का बसले होते, तेही तिला कळलं. शाळा कालपासून सुरू झाली.

आता जे लिहितो त्यावर रागावू नकोस. त्या संध्याकाळी दिवा लावून तू मागच्या दारात गेलीस, तोंडात मिठाचा खडा धरलास आणि समुद्राकडे कान देऊन उभी राहिलीस. मी दोनदा काय झालं म्हणून विचारलं, तू वळूनही पाहिलं नाहीस. मग आत येऊन चंद्रभान भावजींचं ताट वाढलंस. त्यांची होडी गेली त्याला चार वर्षं झाली, अक्का. तिच्या फळ्या चिंचणीच्या किनाऱ्याला लागल्या, त्या आपण दोघांनीच ओळखल्या. पालघरचे भटजी म्हणतात की, देह मिळाला नाही तरी दर्भाचा पुतळा करून अग्नी देता येतो. तसं करूया. मी रजा काढून येतो.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
कृष्णकांत

घिवली, ता. २७ नोव्हेंबर १९६६

चि. कृष्णकांत यास हंसाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नावामागे सौ. लिहायचं विसरलास का मुद्दाम गाळलंस? पोरांना शुद्धलेखन शिकवतोस आणि सख्ख्या बहिणीचं कुंकू पुसतोस. हातात बांगड्या हायत तोवर मी सौभाग्यवती हाय. पुतळ्याचं पुन्हा काढू नको.

विचारलंस म्हणून सांगते. रोज दिवेलागणीला ते मला हाक मारतात. पाण्याकडून, हंसे म्हणून, एकदाच. आई काय सांगायची ते तुझ्या ध्यानात असेल. तिन्हीसांजेला समुद्राकडून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाय. आपलं माणूस असलं तर तीनदा हाकारतं, दुसरं काय असलं तर एकदाच. चार वर्षं मी तिसऱ्या हाकेची वाट बघते. तोंडात मीठ असलं की चुकून ओ निघत नाय. वेडी म्हणायचं तर म्हण.

माझी काळजी सोड, इथे दुसरीच हाय. शेजारच्या हिरामावशीचा नामदेव दसऱ्यानंतर होडी घेऊन गेला तो आला नाय. त्याची बायको मंगला, वीस वर्षांची पोर. तिलाही हाक येते, आणि ती ओ देते. परवा छातीएवढ्या पाण्यात गेली. तारापूरच्या वीजघराच्या कामावरचे दोन हिंदी बोलणारे मजूर होते म्हणून ओढून काढली. अन्न सोडलंय तिने. हिरामावशी एवढी मोठी बाई माझ्या पाया पडली. म्हणाली, हंसा, तू कशी जगलीस तेवढं हिला शिकव. मी मीठ दिलं, तर मंगलाने थुंकून टाकलं. म्हणाली, तुला तुझा नवरा नको असेल, मला माझा पायजे.

ही पोर पुढची अमावस्या बघायची नाय असं मला वाटतं. तू शिकलेला, काय करू सांग.

तुझी अक्का

मासवण, ता. ४ डिसेंबर १९६६

ती. सौ. अक्कास,
कृष्णकांतचा सा. न. वि. वि.

चूक झाली, कान धरतो. पाकिटावरही सौ. घातलं आहे.

हाकबिक मी मानत नाही, तुला ठाऊक आहे. पण हिरामावशी चुकीच्या दारात आली नाही. मंगलाचं दुःख घिवलीत तुझ्याइतकं कुणाला कळणार? नुसतं मीठ देऊन लांब उभी राहू नकोस. ती पाण्याकडे निघाली की तिचा हात धर, तिच्याबरोबर जा, तिच्याशी बोल. एकटी नाही हे तिला कळू दे. मात्र गुडघ्यापलीकडे जाऊ नकोस, अक्का. प्रेमला म्हणते, असले सल्ले देण्यापेक्षा मीच यावं. रविवारी येऊ का?

लोभ आहे, तो वाढव.
कृष्णकांत

घिवली, ता. १४ डिसेंबर १९६६

चि. कृष्णकांत यास आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. शनिवारी मंगला निघाली तशी मी मागोमाग गेले. तिच्या मनगटाला माझा पदर गाठ मारून बांधला आणि दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलो. वाऱ्याचा आवाज बंद झाला. वाळत घातलेल्या माशांवरचे कावळेपण गप्प. आणि हाक आली.

आवाज तुझ्या भावजींचा, कृष्णा. तोच घोगरा, विडीने बसलेला. पण हाक माझ्या नावाची नाय. मंगले म्हणून.

ती पोर हसली. म्हणाली, ऐकलंस ना अक्का, माझे मालक. मी विचारलं, आवाज कसा आला? म्हणाली, नेहमीसारखा, बारीक, हसरा. नामदेवचा आवाज तसाच होता.

तेव्हा मला उमगलं. ते जे काय हाय त्याला स्वतःचा आवाजच नाय. ऐकणारीचं माणूस जसं बोलायचं तसं ते बोलतं. म्हणजे चार वर्षं मला हाक मारत होते ते तुझे भावजी नव्हेत. हे मी पोटात ठेवलं असतं तर माझं कुंकू राहिलं असतं, आणि ही पोर गेली असती. क्षणभर मी गप्प राहिले. तेवढा वेळ मी पापी हाय.

मग तिला सांगितलं. तुझं नाव मी माझ्या नवऱ्याच्या आवाजात ऐकलं म्हणून. तिचा विश्वास बसेना. तिने मला तुझ्या भावजींची शपथ घ्यायला लावली, ती घेतली. तेव्हा पोर पाण्यातच खाली बसली आणि दीड महिन्यात पहिल्यांदा रडली. मीपण रडले. घरी येऊन ती वाटीभर पेज प्याली.

तू रजा काढून भटजींना घेऊन ये. पुतळा करूया. पाकिटावर आता सौ. लिहू नको.

अक्का

घिवली, ता. ९ एप्रिल १९६७

चि. कृष्णकांत यास व प्रेमलास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. मंगला बरी हाय. बोईसरच्या बाजारात मासे विकते आणि हिंदीत अशी भांडते की मजूर गुपचूप सांगेल तो भाव देतात. हिरामावशी तुला जेवायला बोलावते.

नवापूर, दांडीकडून बाया येतात म्हणून ऐकलंस ते खरं. तीन महिन्यांत चौघी आल्या. प्रत्येकीला घेऊन मी पाण्यात जाते, ऐकते, आणि तो तुझा माणूस नव्हे म्हणून सांगते. चौघीही घरी जाऊन जेवल्या. तू लिहितोस, अक्काचं दुःख कामाला आलं, अभिमान वाटतो. पुढे विचारतोस, दर वेळी पाण्यात कशाला जायचं, दारात बसून तोंडाने सांगितलं तर चालणार नाय का.

चालेल, कृष्णा. मंगलाला विचारलं, ती म्हणाली, तुझ्या शब्दावरच त्या विश्वास ठेवतील.

पण तुला खरं सांगते, प्रेमलालापण बोलू नको. तू पुतळ्याला अग्नी दिलास त्या संध्याकाळपासून मला हाक येत नाय. मागच्या दारात उभी राहते, नुसती गाज ऐकू येते. त्यांचा आवाज कानी पडतो तो दुसरीचा हात धरून पाण्यात गेले तरच. ते नव्हेत हे मला ठाऊक हाय, मीच सगळ्यांना शिकवते. तरी आता एखादी रडवेली बाई अंगणात दिसली की आधी मला आनंद होतो, आणि वाईट मग वाटतं.

हे वाचूनही लोभ राहिला तर कळव.
तुझी अक्का