कपाटातला बुवा

९ मार्च, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि मुली मजेत असाल असं धरून चालते. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, आई आहे अजून. अंगानं ठणठणीत, डोक्यानं नाही. मला कधी ओळखते, कधी नाही. माझं काम तेच, दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचं. आईची कवळीही मीच केली. छान बसलीय.

जेवताना मात्र फार छळायची. घास गालात धरून तासभर बसायची, आणि मला कामाची घाई. एकदा वैतागून तोंडातून निघून गेलं, "गीळ, नाहीतर कपाटातला बुवा येईल!"

ताई, तिनं चटकन गिळलं. ताट चाटूनपुसून साफ.

तोच बुवा, ज्याची भीती ती आपल्याला घालायची. तुला कपाटात कोंडायची तेव्हा बाजूनं टकटक व्हायची ना, ती मी करायचे. आईनं शिकवलं होतं. मी सहा वर्षांची होते. तुला सांगायचं राहून गेलं असं नाही. मी सांगितलंच नाही.

मग रोजचंच झालं. आंघोळीला बुवा, औषधाला बुवा. नुसत्या नावाचा धाक पुरेना, तेव्हा कुणी न नेलेली एक कवळी घरी आणली. कपाटाआड उभी राहून वाजवायचे. कट्कट्, कट्कट्. आई गपगार. मला हसू यायचं, तेही लिहून टाकते.

गेल्या सोमवारी तिनं माझ्यापुढे हात जोडले. "बुवा, मोठीला सोडा. ती आत फार रडली हो. तिच्याऐवजी मला घ्या."

"आई, अगं मी आहे, धाकटी."

"धाकटीला तुम्ही केव्हाच नेलंत," ती म्हणाली.

गुरुवारी कामावरून आले. दाराला कुलूप, किल्ली माझ्याच पर्समध्ये. आई खोलीत नाही, मोरीत नाही. हाका मारल्या. तेव्हा कपाटातून बारीक आवाज आला, "मी रडत नाहीये हं." लटकत्या कपड्यांखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओठ सुकले होते. कडी बाहेरून लावलेली होती.

सकाळी तिनं दूध सांडलं, मी ओरडले, एवढं आठवतं. कडी लावल्याचं आठवत नाही. पण घरात तिसरं कुणी नाही, ताई. मी पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं.

कडी उपटून टाकली, कवळी फोडली. तरी माझा मला भरवसा वाटत नाही.

तू ये. तिनं तुझं काय केलं ते मला ठाऊक आहे, तरी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तिला घेऊन जा. आणि नंतर मी तुझ्या दारात उभी राहून कितीही विनवलं, तरी उघडू नकोस.

तुझी,
अजून तरी धाकटीच