पाणी धरणारी पेटी

२२ नोव्हेंबर १९५३, रविवार

वन्सं आज काच घेऊन आल्या. काच नव्हे — पर्स्पेक्स, काचेसारखं आरपार दिसणारं प्लॅस्टिक! पाटाएवढ्या जाडीचा नाही काही, पाव इंची, पण केवढा मोठा तक्ता. दोन्ही अंगांनी खाकी कागद डकवलेला. कल्याणच्या कँपात मिलिटरीचं उरलंसुरलं सामान विकतात, तिथला. विमानांच्या खिडक्यांना हेच लावत म्हणे. डोंबिवली स्टेशनापासून घरापर्यंत एकट्यांनी डोक्यावरून आणला. भर बाजारातून!

मामंजी ओटीवर बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हेमे, हे काय?"

"मासे ठेवायची पेटी करणार आहे, बाबा. शाळेसाठी."

मामंजी उठून आत गेले.

२३ नोव्हेंबर

मे महिन्यात लग्न होऊन या घरी आले तेव्हा धाकधूक होती. सासूबाई नाहीत, घरात सासरे आणि विधवा नणंद. ह्यांची थोरली बहीण, म्हणजे कडक असणार! आल्या दिवशी वन्संनी मला विचारलं, "मंदा, स्टोव्हची पिन बदलता येते?" नाही म्हटलं, तर बसवून शिकवली. बस, एवढंच कडक.

कल्याणच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवतात. जानेवारीत प्रदर्शन आहे. म्हणाल्या, "मुली माशाच्या श्वासाची सहा वाक्यं घोकतात. श्वास घेणारा मासा एकीनेही नीट पाहिलेला नाही. विहिरीत वाकून नुसती पाठ दिसते. बाजूने दिसायला हवा." तयार पेटी मुंबईला मिळते, पण शाळा मागवणार नाही. मग काय — स्वतःच करायची!

२९ नोव्हेंबर, रविवार

कापणं सुरू. लोखंड कापायची करवत शेजारून मागून आणली. जोरात ओढली की पर्स्पेक्स तापतं, वितळतं, पातं जागीच चिकटून बसतं. पहिल्या वीतभरात दोन पाती मोडली. वन्संनी पदर खोचला, मला वर बसवलं — तक्ता हलू नये म्हणून! — आणि सावकाश, अगदी सावकाश ओढायला लागल्या. मी चमच्याने पाणी सोडत होते. पाच तुकडे व्हायला संध्याकाळ झाली. एकदाही चिडल्या नाहीत. मी असते तर करवत अंगणात भिरकावली असती.

२ डिसेंबर

पाटाला काचकागद डकवून तीन दिवस कडा घासतायत. शाळेतून आल्यावर, चहाच्याही आधी. हाताला फोड.

६ डिसेंबर, रविवार

पर्स्पेक्स चिकटतं कशाने? क्लोरोफॉर्मने! डॉक्टरांकडे मागायला मीच गेले. ते म्हणाले, "कुणाला बेशुद्ध करताय, सासऱ्यांना की नणंदेला?" मी लाजून अर्धी झाले.

वन्संनी त्यात पर्स्पेक्सचा कीस विरघळवला. मधासारखा चीक झाला. दारं-खिडक्या सताड उघडी. कडेला कडा लावून धरायची आणि ड्रॉपरने सांध्यात एक-एक थेंब. थेंब आपोआप फटीत पळत जातो, आणि जिथे दोन तुकडे होते तिथे एकच दिसायला लागतो! मी बघतच राहिले. जरा जास्तच वाकून बघितलं बहुतेक — डोकं गरगरलं. वन्संनी दंड धरून मला अंगणात ओढलं. "इथे बस. पेटी पुन्हा बनवता येईल, तू नाही."

९ डिसेंबर

पाणी भरलं. अर्ध्यावर ठीक. काठापर्यंत भरलं तशी समोरची बाजू पोटासारखी पुढे आली! खालच्या कोपऱ्यातून धार. सगळी पडवी पाण्यात. मला रडू फुटलं. वन्सं गुडघ्यावर बसून, साडी भिजलेली, फुगलेल्या बाजूवर पट्टी लावून मोजत होत्या. "पाव इंच वाकलं. बरं झालं, इथे कळलं."

१३ डिसेंबर, रविवार

वरून दोन आडव्या पट्ट्या चिकटवल्या, समोरची बाजू मागच्या बाजूला बांधल्यासारखी. कोपऱ्याच्या आतून चीक भरला. आता वाकत नाही. गळत नाही. तीन दिवस पाणी भरून ठेवणार म्हणे. मी येता-जाता खाली बोट फिरवून बघते. कोरडं!

२० डिसेंबर, रविवार



नुसतं पाणीच दीड मण भरतं, वर वाळू-गोटे. शाळेचं टेबल तेवढं पेलणार नाही. पेटीखाली भक्कम लाकडी घोडा हवा. वन्संनी पडवीतला सागवानी पलंग आडवा केला आणि त्याच्या सांध्यांतली कुसं सोडवायला घेतली.

हा त्यांच्या लग्नातला पलंग. मामंजींनी साग निवडून, समोर उभं राहून करून घेतलेला. लग्नानंतर पाच महिन्यांत विषमज्वराने यजमान गेले. सासरच्यांनी वन्संना परत पाठवलं, तेव्हा गाडीत पलंगही घालून दिला. सहा वर्षं त्यावर कुणी झोपलेलं नाही. आम्ही त्यावर पापड वाळवतो.

हातोड्याचा आवाज ऐकून मामंजी आले. "कुणाला विचारून?"

"माझाच होता ना, बाबा?"

एवढंच. आवाज चढला नाही की कापला नाही. मामंजी दाराची चौकट धरून उभे राहिले. मग गेले. जेवायला आले नाहीत.

मला वन्संचं धैर्य कळत नाही. म्हणजे कळतं, पण माझ्यात येईल कुठून!

२३ डिसेंबर

मामंजी चार दिवस वन्संशी बोललेले नाहीत. मीठ हवं असलं तरी माझ्याकडे बघतात. हे म्हणाले, "ताईने थोडं सबुरीने घ्यायचं." मी म्हटलं, "सहा वर्षं घेतलंच ना." बोलून गेले!

२७ डिसेंबर, रविवार

ठाकुर्लीहून दगडू सुतार आला. आधी म्हणाला, "बाय, ह्ये बायमान्साचं काम नाय. तुमी सरा." वन्सं म्हणाल्या, "सरते. पण खाचा मी पाडल्यात, तेवढ्या बघा." त्याने बघितल्या. बोट घालून बघितल्या. मग आपली पटाशी वन्संच्या हातात दिली. "मंग ऱ्हायलेल्या पन तुमीच पाडा."

घोडा उभा राहिला. तेवढ्यात मामंजी बाहेर आले, हातात त्यांची जुनी लेव्हल — ओव्हरसियर होते तेव्हाची, पितळी. घोड्यावर ठेवली, खाली वाकून बुडबुडा बघितला.

"डावा पाय सूतभर उंच आहे."

वन्संनी रंधा घेतला. मामंजींनी पाय धरून ठेवला. दगडू माझ्याकडे बघून हसला. मी चहाच्या निमित्ताने आत पळाले.

३ जानेवारी १९५४, रविवार

मासे! डासांसाठी विहिरीत सोडलेले गप्पी. धोतराच्या फडक्यात अकरा मिळाले. पेटीत सोडल्याबरोबर सगळे एका कोपऱ्यात, मग हळूहळू पसरले. शेजारच्या लक्ष्मीकाकू नाक मुरडायला आल्या आणि पाऊण तास बसल्या.

१६ जानेवारी, शनिवार

प्रदर्शन. पेटी परवाच बैलगाडीने गेली. गोधडीत गुंडाळून वन्संनी मांडीवर धरली होती. आज मीही गेले.

पेटीभोवती ही गर्दी! पण मला सांगायचंय ते वेगळंच. रतन नावाची मुलगी आहे, कोपर गावची, बाप खाडीत जाळं टाकतो. वर्गात म्हणे शेवटच्या बाकावर असते, तोंड उघडत नाही. ती पुढे झाली. "बाई, त्याची कल्ली बघा कशी हालतान! मरायला टेकला का आदी ती थांबतान." मग एकीने काही विचारलं, दुसरीने विचारलं, आणि रतन सांगतच सुटली. वन्सं हळूच चार पावलं मागे सरकल्या. महिनाभर राबून केलेली पेटी — आणि तिच्याजवळ उभ्यासुद्धा नाहीत!

मुंबईहून मासळी खात्याचे एक साहेब पाहुणे होते. ते पेटी बघत नव्हते. मागे सरकलेल्या वन्संना बघत होते. नंतर त्यांच्याशी बराच वेळ बोलत होते.

२ फेब्रुवारी

साहेबांचं पत्र. रत्नागिरीकडे मच्छिमारांच्या मुलांची शाळा निघतेय. विज्ञानाची बाई म्हणून वन्सं येतील का? राहायला खोली मिळेल. पंधरवड्यात कळवा.

वन्संनी पत्र मोठ्याने वाचलं. वाचताना चेहरा असा उजळला होता, की मी तसा कधी पाहिला नव्हता. हे म्हणाले, "ताई, एकटी बाई, परका मुलूख, कोळीवाड्यात... लोक काय म्हणतील? तुला तरी करमेल का?" मामंजी पानात बघून जेवत होते. वन्संनी पत्राची घडी केली. "खरंय. नाही म्हणून कळवते."

करवतीची पाती मोडली तेव्हा नाही, पडवीत पाणी झालं तेव्हा नाही, आज पहिल्यांदा त्या थकलेल्या दिसल्या. मला ओरडावंसं वाटलं — जा! जा! तोंडातून आलं, "ताक वाढू?"

४ फेब्रुवारी

सकाळी मामंजींनी कपबशी खाली ठेवली आणि ह्यांना म्हणाले, "माझी ट्रंक काढ. हेमा एकटी जाणार नाही. मी जातोय तिच्याबरोबर, तिथेच राहणार. घर आता तू आणि मंदा बघा."

वन्संनी त्यांची कपबशी उचलली. मग म्हणाल्या, "बाबा, तिथे दाराशी मासळी वाळत घालतात."

"घालू देत. सत्तरीत नाकाला कमीच कळतं."

मामंजींची दोन धोतरं दोरीवर वाळत होती. मी ती काढून घडी घालायला घेतली.